निघण्याआधी समोरासमोर बसा

तंबू, सॅक आणि चार-पाच दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन यंदाच्या हिवाळ्यात सह्याद्रीत निघायचा बेत ज्या मित्रमंडळींनी आखला आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावे. हातात अजून दिवस आहेत तोवर सगळ्यांनी एका खोलीत दोन तास समोरासमोर बसा. ग्रुपवरच्या मेसेजांवर भागवू नका. मैत्रीत जे प्रश्न विचारायला जीभ कचरते, नेमके तेच प्रश्न त्या दोन तासांत एकमेकांना विचारा.

घाईने सांगतो आहे, कारण हंगाम तोंडावर आला आहे. दिवाळीची सुट्टी, मग नाताळचा आठवडा, मग जानेवारीतला जोडून आलेला शनिवार-रविवार. एका दिवसाच्या ट्रेकला काही विसरले तर संध्याकाळी गाडीत बसल्यावर प्रश्न मिटतो. सलग मुक्कामाच्या वाटेवर तसे होत नाही. घरी विसरलेली वस्तू तिसऱ्या दिवशी आठवते, आणि तेव्हा सर्वांत जवळचा डांबरी रस्ता चार-पाच तासांच्या चालीवर असतो.

डोंगरात अडकलेल्या गटांशी नंतर बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. वाट चुकते आहे हे कुणाच्या तरी आधीच लक्षात आलेले असते. एकाचा गुडघा पहिल्याच उतारावर बोलू लागलेला असतो. पाणी पुरणार नाही याचा अंदाज कुणीतरी बांधलेला असतो. पण बोलत कुणी नाही. मूड जाईल, बेत मोडेल, सगळ्यांनी रजा काढली आहे, आपण कच्चे ठरू. भीड भिकेची बहीण म्हणतात. डोंगरात ती याहून मोठी किंमत घेते. अनोळखी लोकांच्या गटात माणूस निदान पैसे भरलेत म्हणून तक्रार करतो. जिवलग मित्रांत तो गप्प बसतो. म्हणून माझ्या मते सॅक भरण्याच्या आधी ही भीड मोडणे हीच तयारीतली पहिली आणि सर्वांत अवघड पायरी आहे.

हवेत बोलत नाही. एक वाट डोळ्यांसमोर ठेवू. अकोले तालुक्यातली रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट डोंगरभटक्यांच्या पिढ्यांनी चाललेली आहे. हौशी गट तिच्या आधी बारी गावातून १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर जोडतात आणि मुक्काम वाढवतात. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापासून निघायचे, प्रवरेच्या काठाने रानात शिरायचे, शिड्या चढून रतनगडावर पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी खाली येऊन कात्राबाईची खिंड चढायची, पलीकडे कुमशेतला उतरायचे, मुळा नदी ओलांडून पाचनईला जायचे आणि तिथून हरिश्चंद्रगड. नकाशावर ही रेघ सरळसोट दिसते. प्रत्यक्षात रतनगडाखालच्या दाट रानात वाटेला फाटा फुटतो. एक वाट गडाकडे जाते, दुसरी खिंडीकडे. त्यांच्या जोडीला गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा असतात, माणसांच्या वाटेइतक्याच ठसठशीत. पावसाळ्यानंतर कारवी माथ्यापर्यंत वाढलेली असते, दहा पावलांवरचा मित्र दिसत नाही. अशा जागी मोबाइलवरचा निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते दाखवेल, पण समोरच्या दोन वाटांतली कुठली पुढे तुटलेल्या कड्यावर संपते ते त्याला ठाऊक नसते.

म्हणून त्या वाटेवर राहणारा माणूस सोबत घ्या. रतनवाडी, कुमशेत, पाचनई या गावांत वाट माहीत असलेली माणसे आहेत. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतली मुलेसुद्धा या रानात डोळे मिटून फिरतात. निघण्याआधी त्यांच्याशी फोनवर बोला. यंदा गडावरच्या कुठल्या टाक्यात पाणी आहे, खिंडीतला ओढा वाहतो आहे की आटला, दरड कुठे आली, मधमाश्यांची पोळी कोणत्या कड्याला लागली आहेत, हे इंटरनेटवरच्या जुन्या वर्णनात सापडत नाही. वाटाड्याची मजुरी आधी ठरवा आणि ठरवल्याप्रमाणे पूर्ण द्या. हजारो रुपयांचे बूट घालून आलेल्या माणसाने वाट दाखवणाऱ्याशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करावी, हे पाहवत नाही. जेवणही शक्य तिथे गावात सांगा. पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतो, पाठीवरचे ओझे उतरते आणि चार पैसे त्या घरात जातात.

आता बैठकीत काय बोलायचे ते. सर्वांत आधी शरीराबद्दल. कुणाला मधुमेह आहे, कुणाला दमा, कुणाचा रक्तदाब वाढतो, कुणाला फिट येते, कुणाला मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठून श्वास कोंडतो, हे सगळ्यांना माहीत असलेच पाहिजे. हे सांगणाऱ्याची थट्टा होणार नाही, हे बैठक सुरू होण्याआधीच ठरवा. ज्याला इन्सुलिन लागते त्याचे जादा इन्सुलिन दुसऱ्या एकाच्या सॅकमध्ये ठेवा आणि ते उन्हापासून कसे जपायचे हे त्या दुसऱ्यालाही समजू द्या. दम्याचा पंप सॅकच्या तळाशी गेला तर असून नसून सारखाच. मुली सोबत असतील तर पाळीच्या दिवसांबद्दलही मोकळेपणाने बोला; मुक्कामाची जागा आणि चालीचा वेग त्यावरून ठरवण्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग ताकदीबद्दल. महिनाभर आधी भरलेली सॅक पाठीवर घेऊन चढण्याची सवय करा. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहे, नाशिककरांना पांडवलेणी आणि रामशेज. मुंबईकरांनी निदान रोज दहा मजले जिन्याने चढावेत. सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा; चौथ्या हिश्श्यापुढे गेले की उतारावर गुडघे उत्तर देतात. बूट नवे असतील तर आतापासूनच रोज घाला. खिंडीच्या पायथ्याशी पहिल्यांदा घातलेला बूट दुपारपर्यंत टाच सोलतो, आणि सोललेल्या टाचेचा माणूस सगळ्या गटाचा वेग ठरवतो.

आणि मग तो प्रश्न, जो बहुतेक गट टाळतात: डोंगरात निर्णय कोण घेणार? मित्रांमध्ये कुणी मोठा नसतो हे खरे, पण कात्राबाईच्या खिंडीत दुपारी चारला मतदान घेता येत नाही. एकाला म्होरक्या नेमा. वाटेचा आणि वेळेचा निर्णय त्याचा, आणि तो मान्य नसला तरी वाटेत पाळायचा. एक अनुभवी गडी सर्वांत मागे चालेल, त्याच्या मागे कुणीही राहणार नाही. माघारीची वेळ घरीच ठरवून कागदावर लिहा. अमुक वाजेपर्यंत खिंडीचा माथा गाठला नाही तर मागच्या गावी परत, मग वाद नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट रानात त्याच्या बऱ्याच आधी काळोख भरतो. शिवाय कुणालाही, अगदी पहिल्यांदा आलेल्यालासुद्धा, ‘मला हे जमणार नाही’ म्हणायचा हक्क असेल आणि त्याच्या एका शब्दावर गट थांबेल, असा शब्द एकमेकांना द्या. या शब्दाने जितके जीव वाचतील तितके कुठल्याही महागड्या सामानाने वाचणार नाहीत.

दारूचाही प्रश्न याच बैठकीत मिटवा. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठावर, रात्री, भन्नाट वाऱ्यात, पिऊन उभे असलेले तरुण मी पाहिले आहेत. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरून शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. तोल जातो तो वेगळाच. ज्याला ती हवीच आहे त्याने घरी राहावे, हे मित्राला स्पष्ट सांगा. वाईट वाटेल, वाटू द्या.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सह्याद्रीतल्या लांब वाटेचे गणित पाण्यावर चालते. चालणाऱ्या माणसाला दिवसाला चार ते पाच लिटर पाणी लागते, त्यात स्वयंपाक वेगळा. चौघांचे एका दिवसाचे पाणीच सोळा ते वीस किलो झाले. ते सगळे वाहून नेता येत नाही, म्हणून मुक्काम पाण्याजवळच पडला पाहिजे, आणि ते पाणी त्या महिन्यात खरोखर आहे की नाही याची खात्री गावातून करून घेतली पाहिजे. नोव्हेंबरात खळाळणारा ओढा फेब्रुवारीत नुसते गोटे दाखवतो. प्रत्येकाने निदान तीन लिटर मावेल इतक्या बाटल्या न्याव्यात. टाक्याचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी फडक्याने गाळून उकळावे, किंवा क्लोरीनचे थेंब टाकून बाटलीवर लिहिलेली वेळ पाळावी. टाक्यात पाय घालणे, भांडी विसळणे, साबण लावणे कृपा करून करू नका. हरिश्चंद्रगडावर तुमच्यानंतर त्याच टाक्यावर दुसरे लोक तहान भागवणार आहेत. शौचाला पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावले दूर जा, वीतभर खड्डा करा आणि बुजवा. टिश्यू, पॅड, प्लास्टिक सगळे परत आणा.

जुलाब लागले तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. हे प्रमाण पाठ करा. ओआरएसची पाकिटे तर घ्याच.

शिध्यात फार प्रयोग नकोत. तांदूळ-मुगडाळीची खिचडी, पोहे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, चिक्की. जेवण ठरल्यापेक्षा एक दिवसाचे जास्त न्या. पाऊस, लचकलेला पाय किंवा चुकलेली वाट मुक्काम एका रात्रीने वाढवते, तेव्हा ते उपयोगी पडते. चूल पेटवायचा मोह आवरा. हा सगळा टापू १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात आग लावणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गुन्ह्याची भीती बाजूला ठेवली तरी हिवाळ्याअखेर डोंगरउतारावरचे गवत इतके वाळलेले असते की शेकोटीतली एक ठिणगी अख्खी सोंड जाळते. तो वणवा विझवायला पहिले धावतात ते खालच्या वाडीतले लोक, हातात झाडाच्या फांद्या घेऊन. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी वापरा, पण तीही तंबूत नको. बंद तंबूत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. थंडी कितीही असली तरी शेगडी आणि निखारे बाहेरच राहिले पाहिजेत.

मुक्कामाच्या परवानगीचे नियम जागेनुसार आणि वर्षागणिक बदलतात. वासोट्यासारख्या व्याघ्र प्रकल्पातल्या जागी तर रात्री राहता येतच नाही, संध्याकाळपर्यंत परतावे लागते. तेव्हा निघण्याआधी त्या भागाच्या वनविभागाच्या कार्यालयात विचारा, आणि नाही म्हणाले तर रात्री चोरून वर जाऊ नका. चोरून गेलेला गट अडचणीत सापडला की मदत मागायलाही उशीर करतो.

सर्पदंश आणि मधमाश्या या दोन गोष्टींबद्दल प्रत्येकाला माहिती हवी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडची लस चालते. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते. तेव्हा दंश झाल्यावर जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे यांत वेळ घालवू नका. अंगठी, कडे, घट्ट बूट काढा, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. लस राजूरला मिळेल, अकोल्याला की संगमनेरला, हे निघण्याआधी फोन करून विचारलेले असावे. रात्री हातात टॉर्च असल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नका, बूट झटकल्याशिवाय घालू नका. आग्या मोहोळ कड्यांच्या कपारींत असते. धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा यांनी ते उठते. उठले की तोंड झाकून लांब पळायचे. पण कड्याच्या काठावर पळता येत नाही, म्हणून अशा कड्याखाली किंवा कड्यावर शांत राहणे हाच इलाज आहे. ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा.

वाट चुकलीच तर? बसा. पाणी प्या. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत जाता येत असेल तर जा, नाहीतर जागा सोडू नका. ‘ओढ्याने खाली उतरत गेलो की गाव लागेल’ हा समज सह्याद्रीत जीवघेणा आहे. इथले पश्चिमेकडचे ओढे कोकणात उतरत नाहीत, कोसळतात. पावसाळ्यात जिथे धबधबा असतो तिथे हिवाळ्यात कोरडा कातळटप्पा असतो. माणूस एक टप्पा घसरत उतरतो, पुढचा उतरता येत नाही आणि मागचा चढता येत नाही. अडकून पडण्याची ही नेहमीची जागा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, आणि पुन्हा. संकटाची ही खूण जगभरच्या डोंगरांत ओळखली जाते. टॉर्चच्या उघडझापीनेही ती देता येते. फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी दिवसच्या दिवस टिकते. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीची असली तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो. कुणाचीच रेंज नसेल तर तोही लागत नाही.

म्हणून कागद. घरच्यांना विनंती आहे की हा कागद हातात पडल्याशिवाय मुलांना निघू देऊ नका. त्यावर सगळ्यांची नावे, रक्तगट आणि फोन, रोजचा मुक्काम कुठे, वाटाड्याचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि ती कुठल्या गावात लावली आहे ते, आणि सर्वांत खाली एक तारीख-वेळ: ‘इथपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा.’ त्याची एक प्रत पायथ्याच्या गावात पोलीस पाटलाकडे किंवा गाडी लावलेल्या घरी द्या. शोध घेणाऱ्यांचा अर्धा वेळ ‘नक्की कुठल्या बाजूला गेले’ हे ठरवण्यात जातो. या कागदाने तो वाचतो.

आणि शोध घेणारे कोण असतात, हेही जाणून घ्या. पोलीस आणि वनविभागाचे लोक असतातच. पण कड्यावर दोर लावून उतरणारी माणसे बहुतेक वेळा स्थानिक गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक असतात. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले, तेव्हा त्या खोल दरीत उतरलेल्यांत महाबळेश्वर ट्रेकर्सची मुले होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तिथे गाडी जात नाही. अंधारात, पावसात, पायी चढून मदतीला गेलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे लोक होते. ही दुकाने चालवणारी, नोकरी करणारी, बायकापोरे असलेली माणसे आहेत. तुमचा फोन आला की हातातले काम टाकून ती निघतात. जखमी माणसाला कात्राबाईच्या वाटेने स्ट्रेचरवरून खाली आणायचे तर एका वेळी सहा जण लागतात, दमले की बदलायला आणखी सहा, आणि त्यात अख्खी रात्र जाते. निष्काळजीपणाने दिलेली प्रत्येक हाक या माणसांना अंधारात कड्यावर नेते.

हवामान खात्याचा अंदाज निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा पाहा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारे अॅप फोनमध्ये घ्या. अवकाळी पाऊस आता हिवाळ्यातही गाठतो. इशारा असेल तर बेत पुढे ढकला. रजा वाया गेली तर गेली.

हे सगळे वाचून कुणी बेत रद्द करावा, असे मला मुळीच वाटत नाही. उलट, जा. चार दिवस फोनविना, एका भांड्यात जेवत, एकमेकांच्या वेगाने चालत राहिल्यावर मित्र जसे समजतात तसे दहा वर्षांच्या पार्ट्यांत समजत नाहीत. पण या रविवारी आधी एकत्र बसा. म्होरक्या ठरवा, माघारीची वेळ लिहा, आजार सांगा, दारूला नाही म्हणा, वाटाड्याला फोन करा, कागद घरी द्या. आणि डोंगर उतरून रेंज येताच, चहाच्याही आधी, ज्यांच्याकडे तो कागद आहे त्यांना सांगा की सगळे सुखरूप खाली आलो. तो फोन राहिला तर तुम्ही गाडीत झोपलेले असताना तुमच्या शोधाला माणसे निघतील.